किडची बादली आणि इतर ऐवज

समुद्रावरच्या नव्या कॅम्पेनसाठी जादूच्या वस्तू जमवतोय. खेळ नेहमीचाच, डन्जन्स अँड ड्रॅगन्स. वहीच्या पहिल्या पानावर काय घ्यायचं नाही त्याची यादी केली: पोपट, लाकडी पाय, हाताच्या जागी आकडा, फुली मारलेला नकाशा, फळीवरून चालवत समुद्रात ढकलणं. 1883 साली पुस्तकरूपानं आलेल्या 'ट्रेझर आयलंड'नं आणि त्यानंतरच्या नाटक-सिनेमांनी हा संसार आपल्या डोक्यात थाटून दिलाय. खऱ्या चाच्यांशी त्याचा संबंध बेताचाच.

घ्यायचं ते खटल्यांतल्या जबान्यांमधून, त्या काळच्या वृत्तांतांमधून आणि समुद्राच्या तळातून वर आलेल्या वस्तूंमधून. अट एकच. वस्तूची शक्ती आणि तिची किंमत, दोन्ही एकाच घटनेतून निघायला हव्यात. कवटी कोरलेली प्लस-वन तलवार काय, कुणीही बनवतो.

*

किडची बादली.

विल्यम किड, 'ॲडव्हेंचर गॅली'चा कप्तान. इंग्लंडहून निघाला तो चाच्यांना पकडायचा राजाचा परवाना घेऊन. खलाशांना पगार नाही. लूट मिळाली तर वाटा, नाही तर उपास. ऑक्टोबर 1697 मध्ये जहाज हिंदुस्थानच्या पश्चिमेच्या समुद्रात फिरत होतं आणि माणसं कावलेली होती. 30 तारखेला गोलंदाज विल्यम मूर याच्याशी बोलाचाली झाली. किडनं त्याला कुत्रा म्हटलं. मूर म्हणाला, झालो असेन कुत्रा तर तुझ्याचमुळं. किडनं लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला.

1701 मध्ये लंडनला किडवर खटला उभा राहिला तेव्हा चाचेगिरीच्या आधी या बादलीचा हिशोब झाला. खुनाचा आरोप पहिला, बाकीचे नंतर. साक्ष द्यायला उभे होते जहाजाचा डॉक्टर आणि एक खलाशी. दोघेही माफीचे साक्षीदार.

वस्तू: दिसायला साधी बादली. पाणी भरा, डेक धुवा. शत्रूला मारली तर एक डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा फासा, संपलं. स्वतःच्या साथीदाराला रागानं हाणली तर मात्र नेम चुकत नाही आणि फटका क्रिटिकलच बसतो. कोण कशाला असं करेल, असं वाटेल. रात्री साडेअकराला लुटीच्या वाटणीवरून पेटलेलं टेबल ज्यांनी पाहिलंय त्यांना वाटणार नाही. पण खरी जादू पुढची आहे. तो फटका ज्यानं ज्यानं पाहिला, त्याच्या आठवणीतून तो कुठल्याही मंत्रानं पुसता येत नाही. किती वर्षं लोटोत, कुठल्याही न्यायासनापुढं उभा केला की साक्षीदार पहिल्या शिवीपासून सगळं सांगतो.

*

किडचाच दुसरा ऐवज: हरवता परवाना.

30 जानेवारी 1698. मलबारच्या किनाऱ्याजवळ किडनं 'क्वेडा मर्चंट' हे जहाज धरलं. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज, पण जहाजावर कागद होते फ्रेंच कंपनीचे. फ्रेंच म्हणजे शत्रू, म्हणजे लूट कायदेशीर, हा किडचा सगळा बचाव. ते फ्रेंच परवाने त्यानं जपून ठेवले आणि अमेरिकेत पोचल्यावर गव्हर्नर बेलोमाँटच्या हवाली केले. खटल्याच्या दिवशी ते कुठंच नव्हते. किड कागद मागत राहिला, कागद आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरात दुसऱ्याच गठ्ठ्यांमध्ये ते सापडले. किडला फाशी जाऊन दोनशे वर्षं झाली होती.

नियम: गरज नसताना हा परवाना नेहमी पिशवीत असतो. खानावळीत दाखवा, मिरवा. जीव त्याच्यावर टांगला असेल तेव्हा विसाचा फासा टाकायचा. वीस पडले तर सापडला. एकोणीसपर्यंत तो कुठल्या तरी कचेरीत सुरक्षित आहे. जळत नाही, भिजत नाही, नष्ट होत नाही. फक्त वेळेवर मिळत नाही.

आमच्यातल्या एकाची नोकरी सरकारी कचेरीत आहे. त्यानं हे वाचून विचारलं, "यात जादू कुठली?"

*

वॅपिंगचा दोर. 23 मे 1701, लंडनमध्ये टेम्सच्या काठी वॅपिंगला किडला लटकवलं तेव्हा पहिल्यांदा दोर तुटला. शुद्धीवर होता तसाच पुन्हा चढवला. वस्तू अशी की हा दोर जवळ असलेला माणूस एका मरणातून हमखास वाचतो, आणि पुढच्या एका तासात तेच मरण परत येतं. खेळाडू पहिलं अर्धं वाक्य वाचून खूश होतात.

*

पोहता न येणाऱ्यांसाठी.

सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात बार्तोलोमेव पोर्तुगीज नावाचा एक चाचा होता. त्याची गोष्ट एक्सक्वेमेलिननं सांगितली आहे. हा एक्सक्वेमेलिन स्वतः चाच्यांबरोबर डॉक्टर म्हणून हिंडलेला. त्याचं पुस्तक 1678 मध्ये डच भाषेत निघालं. बार्तोलोमेवला स्पॅनिशांनी काम्पेचेला जहाजावरच डांबून ठेवलं. सकाळी फाशी. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं दारूचे दोन रिकामे मातीचे घडे मिळवले, तोंडं बुचांनी घट्ट बंद केली, पहारेकऱ्याला भोसकलं आणि घडे धरून तरंगत किनारा गाठला. आपल्याकडं विहिरीत पाठीला डबा बांधून पोरं सोडतात तोच प्रकार, फक्त वर फाशीचा खांब.

घडे: दोन्ही हातांत धरले की माणूस बुडत नाही, चिलखतासकट. वादळ असो वा भोवरा. पण ज्याला पोहता येतं त्याच्या हातात ते दगडासारखे तळाला जातात. कॅरेक्टर-शीटवर ॲथलेटिक्सच्या पुढं खूण असेल तर विसरा. शीटवरच्या कमतरतेचा फायदा करून देणाऱ्या वस्तू फार कमी आहेत. खेळाडूंनी आपल्या पात्राच्या उणिवांकडं बक्षीस म्हणून बघावं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

त्या गोष्टीत घड्यांपेक्षाही मला आवडलेली वस्तू पुढं येते. रानातून भटकताना त्याला नदी आडवी आली. किनाऱ्याला लागलेल्या एका फळीत मोठाले खिळे होते. ते उपटून त्यानं दगडावर घासून धार काढली, फांद्या तोडल्या, तराफा बांधला. खिळ्याची सुरी. हत्यार म्हणून शून्य, पण जिच्यानं काहीही कापता येतं, वेळ तेवढा पुरेसा हवा. नियम एवढाच. शेवटी हा गडी वीस माणसं घेऊन काम्पेचेला परतला आणि ज्या जहाजावर डांबला गेला होता तेच पळवलं. पुढं ते वादळात फुटलं. याच्या नशिबाचा फासा सतत एक किंवा वीस, मधलं काही नाही.

*

ब्लॅकबिअर्ड टाळता येत नाही. टोपीखाली जळत्या वाती खोचून लढायचा, हे 1724 च्या कॅप्टन चार्ल्स जॉन्सनच्या पुस्तकातून आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक खेळात त्याची 'धुमसती दाढी' आहे. भीतीचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा), तीस फूट, वगैरे. मला ती नको.

मला हवी चार्ल्स्टनची पेटी. मे 1718 मध्ये त्यानं चार्ल्स्टन बंदराची नाकेबंदी केली, जहाजं धरली, शहरातली बडी माणसं ओलीस ठेवली. कौन्सिलचा एक सदस्य आणि त्याचं चार वर्षांचं पोर त्यात होतं. नाही दिलंत तर मुंडकी पाठवतो, असा निरोप. आणि शहराकडं मागितलं काय? औषधांची पेटी.

कशाला, याचा अंदाज बांधता येतो. त्याचं जहाज 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' त्यानंतर थोड्याच दिवसांत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याशी वाळूत रुतलं. 1996 मध्ये ते सापडलं. अवशेषांत मूत्रमार्गात औषध सोडायची धातूची पिचकारी निघाली, तिच्यात पाऱ्याचे अंश होते. गरमीच्या रोगावर तेव्हा पारा देत. बंदरोबंदरी हिंडणाऱ्या माणसांनी एका अख्ख्या शहराला वेठीला धरलं त्यामागं हे दुखणं असू शकतं, ही गोष्ट वातींपेक्षा मला जास्त भयंकर वाटते. आणि जास्त केविलवाणी.

पेटी: कुठलाही रोग, कुठलाही शाप एका मात्रेत बरा. प्रत्येक मात्रेला कॉन्स्टिट्यूशन कायमची एकनं उतरते आणि दात हलू लागतात. पेटीत मात्रा किती उरल्या ते डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सांगत नाही.

*

त्याच जहाजाच्या एका तोफेत, मागच्या दारूच्या कोठीत, एका ओल्या गोळ्यात कागदाचे कपटे अडकून राहिले होते. संशोधकांनी ते सोडवले, वाचले आणि 2018 मध्ये जाहीर केलं: एडवर्ड कुकच्या 1712 च्या दक्षिण समुद्राच्या प्रवासवर्णनाची पानं. कुणीतरी पुस्तक फाडून तोफेत कोंबलं होतं.

आता गंमत बघा. हा कुक ज्या मोहिमेवर होता तिचा नायक होता वुड्स रॉजर्स. आणि 1718 च्या उन्हाळ्यात चाच्यांचा बंदोबस्त करायला बहामाचा गव्हर्नर होऊन नासाऊला उतरला तोच हा वुड्स रॉजर्स. त्याच्या मोहिमेचं पुस्तक ब्लॅकबिअर्डच्या जहाजावर तोफ ठासायला.

वस्तू: कपटे. प्रत्येक कपट्यावर मंत्राचं अर्धं वाक्य. वाचणारा मंत्र म्हणतो तेव्हा पहिलं अर्धं जसं लिहिलंय तसं घडतं. उरलेलं अर्धं, ज्याचा तुम्ही पाठलाग करताय किंवा जो तुमचा करतोय, त्याच्या मर्जीनं. टेबलावर हे धमाल चालतं, कारण खलनायक हजर नसताना त्याचा हात दिसतो.

*

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स. वेल्सचा. तीन वर्षांत चारशेहून जास्त जहाजं धरली. लढाईला लाल रेशमी बंडी, टोपीत लाल पीस, गळ्यात हिऱ्यांचा क्रूस. सगळे डीएम बंडी घेतात.

मी त्याचं नियमपत्रक वाचत बसलो. पैसे लावून पत्ते-फासे खेळायचे नाहीत. रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर प्यायची तर उघड्या डेकवर, अंधारात. वादकांना रविवारी सुटी, पण बाकीचे सहा दिवस आणि सहा रात्री नाही, खास मेहरबानी झाली तरच.

यातून एक फिडल निघतं. बार्डच्या, म्हणजे गाण्यातून मंत्र टाकणाऱ्या पात्राच्या, हातात दिलं की त्याच्या प्रत्येक मंत्राची ताकद वाढते. पण रविवार सोडून, टेबलावरच्या कुणीही, कधीही, "वाजव" म्हटलं की बार्डला वाजवावंच लागतं. झोपेत असला तरी, लपलेला असला तरी, समोर ड्रॅगन झोपलेला असला तरी. आमचा बार्ड सध्या सगळ्यांशी फार गोड वागतो.

*

रॉबर्ट्सच्या पावत्या.

जानेवारी 1722, पश्चिम आफ्रिकेतलं विदा बंदर. गुलामांच्या व्यापाराचं मोठं ठाणं. नांगरलेली अकरा जहाजं रॉबर्ट्सच्या तावडीत सापडली. प्रत्येकी आठ पौंड सोन्याची भुकटी द्या आणि सुटा. कप्तानांनी दिली, आणि मालकांना दाखवायला रीतसर पावती मागितली. चाच्यांनी पावत्या लिहून दिल्या, खाली थट्टेची नावं घालून सह्या केल्या. इथपर्यंत हसू येतं.

'पॉर्क्युपाइन'च्या कप्तानानं पैसे द्यायला नकार दिला. जहाजाला आग लावली गेली. आत ऐंशी गुलाम होते, दोघादोघांना एका बेडीत जखडलेले. सोडवायला वेळ लागेल म्हणून सोडवले नाहीत. जळायचं किंवा शार्कांच्या पाण्यात उडी मारायची.

पावती मी बनवली: दाखवणाऱ्याला तो चाचा पुन्हा हात लावू शकत नाही. किंमत लिहायला घेतली आणि थांबलो. अट अशी की किंमत त्याच घटनेतून यायला हवी. इथं किंमत भरली ती सौद्यात नसलेल्या लोकांनी. खेळाडूंच्या हातात ही वस्तू देणार नाही. ती खलनायकाकडं राहील आणि त्याच्या बंदरात पोचताना पाण्यावर काय तरंगतंय ते त्यांना दिसेल.

चाच्यांच्या जहाजावर लोकशाही होती, कप्तान मतानं निवडत, वाटे समसमान, हे हल्ली फार कौतुकानं सांगितलं जातं. खोटं नाही. पण 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे मूळचं फ्रेंच गुलामवाहू जहाज 'ला काँकोर्द'. सॅम्युअल बेलमी या चाच्याचं 1717 मध्ये केप कॉडला बुडालेलं 'विदा' तेही गुलामवाहू, नावासकट. मत कुणाला होतं, ते विचारून मगच कौतुक करावं.

*

वही चाळली. तलवार एकही नाही. परवाना, पावती, कपटे, नियमपत्रक. या लोकांचं मरण-जगणं दारूगोळ्यापेक्षा कागदावर जास्त ठरत होतं, आणि फँटसी खेळात कागदाला फक्त मंत्र लिहायचं काम. इथून पुढं जाणूनबुजून कागदच शोधायचे.

राजाचा कौल, उदाहरणार्थ. सप्टेंबर 1717 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या जॉर्जनं जाहीर केलं की वर्षभरात शरण या, पुढच्या 5 जानेवारीपर्यंत केलेली चाचेगिरी माफ. वस्तू: या तारखेआधीचा प्रत्येक गुन्हा पुसला जातो, देवांच्या दरबारातसुद्धा. तारखेनंतरचा प्रत्येक गुन्हा दुप्पट मोजला जातो. ब्लॅकबिअर्डनं घेतली माफी. टिकली काही महिने.

*

हेन्री एव्हरी, इंग्रज चाचा. त्याचा हा प्रसंग आपल्या दाराशी घडलेला, आणि तरी आपल्याकडं त्याची फार चर्चा नाही.

सप्टेंबर 1695. मोख्याहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई'. हजचे यात्रेकरू, सोनं-चांदी, तोफा, बंदुका. एव्हरीचं 'फॅन्सी' त्याच्या निम्म्यानंही नव्हतं. पण गंज-इ-सवाईवरची एक तोफ डागताना फुटली, आपलीच माणसं मेली; एव्हरीच्या गोळ्यानं मुख्य डोलकाठी पडली. मुघल इतिहासकार खाफीखानानं हे सगळं लिहून ठेवलंय. लुटीनंतर एव्हरी नाहीसा झाला. बक्षीस लागलं, माणसं सुटली, काही साथीदार लंडनला फासावर गेले, एव्हरी कुणाला सापडला नाही.

सापडले ते सुरतेच्या वखारीतले इंग्रज. लूट इंग्रजांनी केली म्हणून शहर खवळलं आणि वखारीतल्या लोकांना बेड्या ठोकून कित्येक महिने कोंडून ठेवलं गेलं. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं जहाजांना संरक्षण द्यायचं कबूल केलं तेव्हा कुठं वखार पुन्हा उघडली.

मोख्याचं नाणं: 1693 मध्ये येमेनात पाडलेलं एक चांदीचं नाणं 2014 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाऊनच्या एका फळबागेत सापडलं. ते एव्हरीच्या लुटीतलं असावं असा शोधणाऱ्याचा तर्क. ओढूनताणून आणलेला नाही. एव्हरीची काही माणसं अमेरिकेच्या किनाऱ्याला उतरली होती. खेळात: नाणं ज्याच्याजवळ आहे तो कुठल्याही मंत्रानं, जादूच्या आरशानं, कुत्र्याच्या नाकानं सापडत नाही. शोध मात्र थांबत नाही. त्याच्याच भाषेचा, त्याच्याच गावचा, जवळ असलेला दुसरा कुणीतरी धरला जातो. कोण, ते खेळाडूंना दोन-तीन सेशननंतर कळतं. धरला गेलेला माणूस त्यांच्या ओळखीचा ठेवायचा.

*

एव्हरीचं आणखी एक. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यानं हिंदी महासागरातल्या जोहाना बेटावर इंग्रज कप्तानांसाठी चिठ्ठी ठेवली होती. इंग्रज आणि डच जहाजांना मी हात लावत नाही. ओळख पटवायची तर निशाण गुंडाळून गाठोड्यासारखं मागच्या डोलकाठीवर चढवा, मीही तसंच चढवीन. आणि शेवटी पुस्ती: माझी माणसं भुकेली आहेत, त्यांनी मर्यादा ओलांडली तर माझा इलाज नाही.

गुंडाळलेलं निशाण: समोरचा कप्तान मित्र होतो. त्याच्या खलाशांसाठी वेगळा फासा. या वस्तूला मला काही जोडावं लागलं नाही. चिठ्ठीतच शक्ती आणि किंमत दोन्ही लिहून आल्या.

*

गंज-इ-सवाईवरच्या बायकांचं काय झालं ते खाफीखान लिहितो. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःवर शस्त्र चालवलं. एका खेळाडूनं सुचवलं, त्यातल्या एकीची कट्यार ठेव, सूडाची शक्ती दे. नाही म्हटलं. समोरासमोर चर्चा झाली, जरा लांबली. त्याचं म्हणणं असं की वस्तू केली तर निदान लोक विचारतील. माझं असं की विचारणार नाहीत, डॅमेज किती ते विचारतील.

*

चीनची झेंग यी साओ. 1807 मध्ये नवरा मेला आणि त्याच्या चाच्यांच्या ताफ्यांची सूत्रं हिनं हातात घेतली. दक्षिण चीनच्या समुद्रात शेकडो जहाजं. मिठाच्या गलबतांना, मासेमाऱ्यांना पैसे घेऊन परवाने द्यायची. परवाना दाखवला की वाट मोकळी. 1810 मध्ये निःशस्त्र, बायकामुलं बरोबर घेऊन ती कँटनला सरकारी अधिकाऱ्यासमोर गेली, वाटाघाटी केल्या आणि संपत्ती राखून शरण आली. पुढं जुगाराचा अड्डा चालवला आणि 1844 मध्ये म्हातारी होऊन मेली. या वहीतल्या इतर कुणाला हे जमलं नाही.

तिच्या ताफ्याचा नियम: लूट आधी कारकुनाकडं नोंदवायची. दहातले दोन वाटे पकडणाऱ्याला, आठ सामायिक कोठारात. न नोंदवता खिशात घातलं तर पहिल्यांदा फटके, पुन्हा केलं तर जीव जातो.

वस्तू: रोजकीर्द. जाडजूड वही, शाईसकट. पार्टीला मिळालेली प्रत्येक गोष्ट तासाभरात हिच्यात लिहायची. लिहिलेली वस्तू चोरीला जात नाही, हरवत नाही. न लिहिलेली वस्तू, मग ते एक तांब्याचं नाणं का असेना, ज्याच्या खिशात आहे त्याला चावते. अक्षरशः. दर सकाळी एक डी-सिक्स. प्रत्येक टेबलावर एक चोर असतो जो "मी आधी जाऊन खोली बघून येतो" म्हणतो. त्याच्यासाठी ही वही.

*

दस्तक.

हे दबकत लिहितोय, कारण कान्होजी आंग्रे या यादीत यायला नकोत. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं शाहू महाराजांशी तह झाला तो राज्याचा अधिकारी म्हणून. कोकणच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक घ्या, पैसे भरा. पोर्तुगीज दोन शतकं आपला असाच परवाना, कार्ताझ, विकत होते. त्याला कुणी चाचेगिरी म्हणालं नाही. कंपनीनं दस्तक घ्यायला नकार दिला, जहाजं पकडली गेली, आणि मुंबईच्या कागदांत कान्होजी 'पायरेट' झाले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

वस्तू म्हणून ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. 'आयडेंटिफाय' मंत्र टाकला की डीएम वस्तूचं वर्णन वाचून दाखवतो आणि ते खरं असतं, हा खेळाचा जुना करार. दस्तकाच्या बाबतीत वर्णनं दोन लिहून ठेवायची. किनाऱ्यावरच्या राज्यातल्या जादूगारानं मंत्र टाकला तर: राज्याचा परवाना, धारकाला वादळ आणि हल्ला दोन्हींपासून संरक्षण. कंपनीच्या जादूगारानं टाकला तर: चाच्याचा खंडणीचा कागद, शापित, ताबडतोब जाळावा. दोन्ही वेळा मंत्र यशस्वी. जाळला तर खरंच वादळ येतं.

पार्टीत दोन जादूगार असतील तर मजा आहे.

*

एक्सक्वेमेलिननं दिलेलं भरपाईचं पत्रक. उजवा हात गेला तर आठ रियालांची सहाशे नाणी किंवा सहा गुलाम. डावा हात पाचशे. उजवा पाय पाचशे, डावा चारशे. डोळा शंभर. बोट शंभर. डॉक्टरला औषधपेटीसकट दोनशे ते अडीचशे. वाटणीच्या आधी हे पैसे बाजूला काढत.

हे करारपत्र टेबलावर ठेवलं की काय होणार ते दिसतंय: पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी पात्राची बोटं मोजायला लागेल. म्हणून अट: लढाईत गेलेलंच धरायचं, आणि हीलिंगनं परत आणलं तर पैसे परत. 'किंवा सहा गुलाम' हे शब्द कागदावर तसेच ठेवणार आहे. कुणी वाचून विचारलं तर उत्तर देईन.

*

याच्या शेजारी आणखी एक कागद.

स्टीड बॉनेट, बार्बाडोसचा खाऊनपिऊन सुखी जमीनदार. 1717 मध्ये स्वतःच्या पैशानं जहाज विकत घेतलं, खलाशांना पगार ठरवला, जहाजावर पुस्तकं ठेवली आणि चाचा झाला. जहाज चालवणं त्याला येत नव्हतं. ब्लॅकबिअर्डनं त्याला भेटल्याबरोबर ओळखलं, आणि जहाज आपल्या माणसाच्या ताब्यात देऊन बॉनेटला पाहुण्यासारखा बसवून ठेवला. पुढं बॉनेटनं माफी घेतली, पुन्हा चाचेगिरी केली, पकडून चार्ल्स्टनला आणला गेला. गव्हर्नरला लिहिलेलं एक पत्र त्याच्या नावावर छापलंय. त्यात तो म्हणतो की हवं तर माझे सगळे अवयव तोडा, जीभ तेवढी ठेवा, प्रार्थनेला. 10 डिसेंबर 1718 ला फाशी झाली.

एका पत्रकात बोटाचे शंभर. दुसऱ्यात सगळं शरीर फुकट, आणि तरी घ्यायला कुणी तयार नाही.

बॉनेटचा अर्ज: वाचून दाखवताना ऐकणाऱ्याच्या मनात खरी दया उपजते, सेव्ह नाही. तो हळहळतो, बसायला खुर्ची देतो, पाणी देतो. निर्णय बदलत नाही. अर्ज लिहिणारा दर वाक्याला आपलं एक काहीतरी देऊ करतो: सोनं, हत्यार, मंत्र, हात. देऊ केलेलं परत मागता येत नाही. दर्जा रेअर, वजन नगण्य, अट्यूनमेंट लागत नाही.